तुर्भ्याला उतरवलेली पुस्तकं

प्रभाताई,

कंपनीने तुमची शोकसभा घेतली. कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून, तुमच्या फोटोला हार घालून. फोटो ओळखपत्रावरचाच मोठा करून आणला होता, त्यामुळे वॉचमनने गेटवर अडवल्यासारख्या तुम्ही सगळ्यांकडे बघत होतात. पर्सोनेलचे साहेब उठले. म्हणाले, “जगतापबाई थोर ग्रंथप्रेमी होत्या. पुस्तकांवर त्यांनी पोटच्या लेकरांसारखं प्रेम केलं.” मी पहिल्या रांगेत बसले होते. मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडते आहे.

पुस्तकं खरंच तुमची लेकरं असती, तर तुमची निम्मी लेकरं आज तुर्भ्याच्या नाक्यावर उभी असती.

पण हे त्या साहेबांना कसं सांगणार? ते गाडीने येतात. हे फक्त आपल्या बसमधल्यांना माहीत होतं. कोपरखैरण्याहून सकाळी सुटणारी कंपनीची बस. पावणे, तुर्भे, शिरवणे, नेरुळ, बेलापूर असं करत माणसं गोळा करायची आणि मग खारघरच्या टेकडीखालून, कळंबोलीवरून तळोज्याला पोचायची. तुम्ही लॅबमध्ये केमिस्ट, मी अकाउंट्समध्ये. तुमची डाव्या बाजूची खिडकी, शेजारी मी. तुम्ही बसलात की पिशवीतून पुस्तक काढायच्या, आणि बस हलली की वाचायला लागायच्या. जिथे पुस्तक मिटायचं, तो त्याचा स्टॉप. तेच त्याचे मार्क. चांगलं, वाईट, बरं, सुमार असले शब्द तुम्ही वापरलेले मला आठवत नाहीत. “पावण्याला उतरलं.” “बेलापूरपर्यंत आलं, मग दम लागला त्याला.” “कळंबोली. प्रकरणाचा शेवट जरा गुंडाळलाय, नाहीतर आलं असतं.” तळोज्यापर्यंत येणारं पुस्तक क्वचित. ते आलं, की तुम्ही ते पिशवीत ठेवायच्या नाहीत, हातात धरून गेटमधून आत न्यायच्या. वॉचमनलासुद्धा कळायचं की आज कोणीतरी आलंय.

पुस्तक एका फेरीत संपत नसे हे उघड आहे. पण तुमचा नियम असा की पहिल्या दिवशी जे तळोज्यापर्यंत टिकलं, तेच पुढे संपवायचं. बाकीच्यांची पुन्हा गाठ नाही. आणि परतीची बस मोजायची नाही. मी एकदा विचारलं होतं, का? तुम्ही म्हणालात, “संध्याकाळी माणूस दमलेला असतो. दमलेल्या माणसाला काहीही आवडतं.” मराठी समीक्षेवरची जाडजूड पुस्तकं मी एम.ए.ला असताना वाचली, त्यांतल्या एकातही इतकं कामाचं वाक्य सापडलं नाही.

तर असं आहे, की माझं एक अपील तुमच्याकडे पडून आहे. मिठागराच्या कादंबरीचं. ते निकाली न काढता तुम्ही गेलात. गेला महिनाभर लोक मला विचारतात, फार वाईट वाटत असेल ना? वाटतं. पण त्याहून जास्त राग येतो, आणि राग आलेला असतो तेवढा वेळ तुम्ही शेजारी बसल्यासारख्या वाटता. म्हणून तो मी जपून वापरते आहे.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी नवीन लागले होते. माझ्या हातात एका निवृत्त अधिकाऱ्याचं आत्मचरित्र होतं, वर्तमानपत्रात फार कौतुक आलेलं. तुम्ही ते न विचारता माझ्या हातातून घेतलंत, उलटं करून मागचा फोटो बघितलात आणि परत दिलंत.

“काय झालं?” मी विचारलं.

“हनुवटीला हात लावून फोटो काढलाय. ह्या माणसाला स्वतःचाच विचार पडलाय. आपण कशाला मध्ये जायचं?”

“असं फोटोवरून ठरवतात का? निदान वाचून तरी बघा.”

“तू वाच. मला पावण्याला सांग, कुठवर आलीस ते.”

पावण्याला मी प्रस्तावनेत होते. प्रस्तावना संपल्यावर मनोगत होतं, मनोगतानंतर ऋणनिर्देश. तुर्भ्याला अजून आभार चालू होते. तुम्ही माझ्या पानावर नजर टाकलीत आणि पुढे ओरडून म्हणालात, “बाळाराम, जरा हळू घे रे. इथे एका साहेबांना उतरायचंय!”

बाळाराम आपला ड्रायव्हर, घणसोली गावातला. तो आरशातून बघायचा. “कोन, ताई? आज कोनाला उतरवला?” हा त्याचा रोजचा प्रश्न. आयुष्यात त्याने पुस्तक हातात धरलं नसेल, पण आपल्या बसमध्ये कुठलं पुस्तक कुठवर चाललं याचा अंदाज तो पैज लावून सांगायचा. जाडी बघून. “ह्यो जाडा हाय, ताई. ह्यो पार पनवेलला जाईल.” आणि बहुतेक वेळा चुकायचा. जाडीवर भरवसा ठेवून फसणारा तो काही एकटाच नव्हता. आपले पुरस्कार देणारे दुसरं काय करतात?

मी त्या आत्मचरित्राचं शेवटचं पान वाचलंच. हट्टाने. मला घेतलेलं पुस्तक संपवल्याशिवाय खाली ठेवता येत नाही. आमचे वडील शाळामास्तर. ताटात टाकायचं नाही आणि पुस्तक अर्धं सोडायचं नाही, ही दोन कलमं आमच्या घरात एकाच दमात सांगितली जायची. मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “अगं एम.ए., ताटातलं तू स्वतः वाढून घेतेस. हे त्याने वाढलंय.”

तेव्हापासून मी ‘एम.ए.’ झाले. नीला हे माझं नाव तुमच्या तोंडून मी फारच कमी वेळा ऐकलं. “काय गं एम.ए., आज काय जड उचलून आणलंस?”

तुमचे निकाल मी आठवत बसते. मुद्दाम नाही, आठवतात. एका गृहस्थांचं परदेशप्रवासाचं पुस्तक: तुर्भे. “हा माणूस एवढा लांब गेला आणि तिथे पोहे कुठे मिळतात तेवढंच बघून आला. पोहे आपल्याला इथेही मिळतात.” अध्यात्मावरचं एक पुस्तक: शिरवणे, पण आदराने, चप्पल शोधून देऊन उतरवल्यासारखं. कंपनीने दिवाळीला सगळ्यांना एका उद्योगपतीचं चरित्र वाटलं होतं, मिठाईऐवजी. त्याला स्टॉपच मिळाला नाही. “हे चढलंच नाही,” असं म्हणून तुम्ही ते मला दिलंत आणि माझ्या डब्यातला लाडू घेतलात. भयकथांचा एक संग्रह कळंबोलीपर्यंत आला. खारघरच्या टेकडीखाली तेव्हा भाताची खाचरं आणि प्लॉटच्या पाट्या, बाकी चिटपाखरू नाही, स्वच्छ सकाळच्या उन्हात तुम्ही तिथे माझा हात घट्ट धरलात आणि म्हणालात, “बोल काहीतरी. कशावरही बोल.” मी बजेटवर बोलले.

आणि ते पाककृतींचं पुस्तक! तुम्ही ते हातात धरून गेटमधून आत नेलंत तेव्हा मला वाटलं, मला चिडवायला नेताय. दुपारी कॅन्टीनमध्ये मी तुम्हाला गाठलं.

“पाककृती हे काय साहित्य आहे का, ताई?”

“वाच ना. ही बाई जागोजागी लिहिते, ‘नसल्यास चालेल’. खोबरं नसल्यास चालेल. वेलदोडा नसल्यास चालेल. हिला माहितेय की वाचणारीच्या घरात सगळं सामान नसतं. तुझ्या त्या कादंबरीवाल्याला हे माहितेय का?”

मी उसळ खाल्ली.

कवितांची पंचाईत होती. पाच मिनिटांत दहा कविता वाचून होतात, स्टॉप कसा मोजणार? तुम्ही नियम वाकवलात. एक कविता वाचायची आणि खिडकीबाहेर बघायचं. पुढचा स्टॉप येईपर्यंत दुसरी वाचावीशी वाटली नाही तर कविता चांगली. एका तरुण मुलीच्या पातळशा संग्रहातली एकच कविता तुम्ही शिरवण्याला वाचलीत आणि तळोजा येईपर्यंत पान उलटलं नाही. मी बोलायला गेले तर हाताने गप्प केलंत. त्या मुलीला हे कधी कळायचं नाही. तिच्या संग्रहावर कुठे परीक्षण आलं नाही, चर्चा झाली नाही, आणि एवढं मोठं पारितोषिक तिला मिळालं ते रस्त्यावर.

एक रहस्यकथा तर लॅबमध्ये घुसली. तो किस्सा तुम्ही स्वतः सांगायच्या, मला सांगायचा अधिकार नाही, पण आता कोण अडवणार? ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून तुम्ही आत पुस्तक वाचत होतात, वर टायट्रेशन चालू. ब्युरेटमधून थेंब पडत राहिले, आणि फ्लास्कमध्ये जिथे फिकट गुलाबी रंग दिसताच थांबायचं असतं, तिथे सरळ बिटाच्या कोशिंबिरीचा रंग आला. सगळं पुन्हा करावं लागलं. साहेब काय बोलले ते तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही एवढंच सांगितलंत, “खून मामाने केला होता. वाटलंच होतं मला.” आणि सुस्कारा सोडलात, एखाद्याच्या घरचं कार्य नीट पार पडल्यासारखा.

तुम्ही न्यायी होतात असं मी म्हणणार नाही. शोकसभेत म्हणतात, पत्रात तरी नको. रशियन कादंबरीच्या एका भाषांतराला तुम्ही केवळ नावांपायी बेलापूरला उतरवलंत, म्हणे, “एकेकाला तीन-तीन नावं. एवढ्या पाहुण्यांना मी चहा कुठून देऊ?” आत्मचरित्र लिहिणाऱ्या बायकांना तुम्ही एक स्टॉप जास्त द्यायच्या आणि विचारलं की कानावर हात ठेवायच्या. भाषणबाजी करणाऱ्याला मात्र एक वाक्यही जास्त नाही. वाशीच्या त्या कादंबरीच्या गौरव समारंभात आपण दोघी गेलो होतो, आठवतं? शाल झाली, श्रीफळ झालं, लेखकाच्या हस्ते लेखकाच्याच गुरूंचा सत्कार झाला. गुरूंनी लेखकाला युगप्रवर्तक म्हटलं, लेखकाने गुरूंना. कादंबरीबद्दल कोणी बोललं नाही. बहुतेक वेळ नव्हता. मग चहाच्या वेळी लेखकमहाशय आपल्या घोळक्यापाशी आले आणि तुम्हाला विचारलं, “आपण वाचलीत का आमची कादंबरी?”

“वाचली की,” तुम्ही म्हणालात. “तुर्भ्यापर्यंत आली.”

“अरे वा! तुर्भ्यापर्यंत पोचली?” त्यांनी वळून प्रकाशकाला हाक मारली. “ऐकलंत का? वितरण सुधारतंय आपलं.”

तुम्ही बशीतली वेफर उचललीत आणि फार गंभीरपणे खाल्लीत. बाहेर आल्यावर रिक्षाच्या रांगेत आपण इतक्या हसलो की पुढच्या माणसाने आपल्याला जागा दिली. त्याला वाटलं असावं, ह्या बायकांना बरं नाही.

आता मिठागराची कादंबरी.

ती मी तुम्हाला कशासाठी दिली? मला ती फार आवडली होती म्हणून. एवढं साधं. मिठागरात राबणारी एक बाई, नवरा गेल्यावर घराच्या दारात बसते आणि उठत नाही. भरती येते, ओहोटी होते, मीठ धरतं, शेजारणी येऊन जातात, कोणी ओरडतं, कोणी भात ठेवून जातं. ती बसलेली. पन्नासेक पानं ती बसलेलीच आहे. ती पानं वाचताना मला माझ्या घरात भांडं पडलेलं ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, ही तळोज्याला येणार, गेटच्या आत येणार, लॅबमध्ये येणार.

नेरुळला तुम्ही ती मिटलीत.

“नेरुळ?” मी जवळजवळ ओरडलेच.

“बसलीच आहे अजून. मला कामावर जायचंय. तिला म्हटलं, बस तू बाई, मी निघते.”

“ताई, ते बसणं हेच पुस्तक आहे.”

“मग त्याने बाकावर निबंध लिहायचा. कादंबरी कशाला?”

“तुम्हाला तिचं दुःखच कळलं नाही.”

“दुःख कळलं गं. पहिल्या पानावर कळलं. पुढच्या पानांवर तो मला दाखवतोय, की बघ मला किती कळलंय.”

बेलापूर आलं, गेलं. खारघर गेलं. कळंबोलीला मी म्हणाले, “ती उठते. पुढे. तुम्ही थांबला असतात तर बघितलं असतंत.”

“उठते तर पहिल्या पानावर उठायला काय झालं होतं?”

“पहिल्या पानावर नाही उठता येत कोणाला.”

“एम.ए., माझे वडील गेले तेव्हा बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला उभी होते. साताऱ्याला. उठता येतं. नाही आलं तरी उठावं लागतं.”

पुढच्या सीटवरचे लोक वळून बघायला लागले होते. बाळारामने आरशातून विचारलं नाही, कोणाला उतरवला म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदाच.

मी म्हटलं, “मी अपील करते.” तोवर असं काही नव्हतं आपल्यात, ते मी तिथल्या तिथे काढलं. “पुन्हा वाचायची. पहिल्यापासून. आणि नेरुळला मिटायची नाही.”

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, हसाल. तुम्ही म्हणालात, “दाखल करून घेतलं. तारीख मी देईन.”

ती तारीख वर्षानुवर्षं पडत राहिली. दर दिवाळीला मी आठवण करायची आणि तुम्ही म्हणायच्या, “कोर्टाला सुट्टी आहे.” मधल्या काळात आपण पन्नास गोष्टींवर भांडलो. तुमचं म्हणणं, पुस्तक पाहुण्यासारखं आहे. आपल्या वेळेत आलंय, त्याने घरच्याला कंटाळा आणता कामा नये. माझं म्हणणं, पुस्तक आपल्या घरी येत नाही, आपण त्याच्या घरी जातो. मग जोडे काढून आत बसायला नको का? तुम्ही म्हणायच्या, “आणि त्याने चहाच टाकला नाही तर?” हे भांडण मी जिंकले नाही. हरलेही नाही. ते मध्येच उभं आहे, आणि दुसऱ्या बाजूला कोणी नाही, त्यामुळे माझी बाजू मला दिवसेंदिवस फुसकी वाटायला लागली आहे. माणसाचं मत टिकायला समोर तितकंच हटवादी कोणीतरी लागतं, हे मला आता कळतंय.

मग तुमचं पोटाचं दुखणं निघालं, तुम्ही बसला येईनाशा झालात. मी रविवारी कोपरखैरण्यातच तुमच्या घरी यायला लागले. बाहेरची खोली, आतली खोली, मध्ये पडदा. आतल्या खोलीत तुमची कॉट. मी पुस्तकं आणायची आणि तुम्ही ती उशाला ठेवायच्या. “वाचलं का?” म्हटलं की म्हणायच्या, “वाचते. पण कळत नाही, कसं आहे ते. घरात स्टॉप कुठे असतात?” हे तुम्ही चेष्टेत म्हणालात, आणि मीही हसले. घरी चालत येताना मला ते चेष्टेचं वाटेना.

एका रविवारी तुम्ही स्वतःहून म्हणालात, “आण ती तुझी मीठवाली. लावते तारीख.”

मी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी आणून दिली. तुम्ही ती वजन केल्यासारखी हातात तोललीत. “केवढीशी आहे. मला मोठी वाटायची.” पुढच्या रविवारी मी आले तर तुम्ही झोपेत. त्याच्या पुढच्या रविवारी जाग्या होतात. पण त्या दिवशी आपण पुस्तकाचं बोललोच नाही. तुम्ही बाळारामच्या मुलीच्या लग्नाचं विचारलंत. कॅन्टीनवाला बदलला का विचारलंत. मी सगळं सांगितलं आणि कादंबरीचा विषय काढला नाही, कारण ती कॉटशेजारच्या स्टुलावर होती आणि तिच्यावर औषधांच्या बाटल्या ठेवल्या होत्या. बाटल्यांखालून पुस्तक मागायचं नसतं. निघताना तुम्ही म्हणालात, “नीला, बसमध्ये खिडकी घे माझी. नाहीतर तो पॅकिंगचा पोरगा पान थुंकेल तिथून.”

नीला म्हणालात. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

खिडकी मी घेतली आहे. नेमाने पुस्तक घेऊन बसते. परवा एक नवी कादंबरी घेतली होती, सगळे वाखाणतात ती. वाचत होते. पावणे गेलं, तुर्भे गेलं, आणि मला कळेना, ही मला आवडते आहे की नाही. इतकी वर्षं तुम्ही नाक मुरडलंत की मला पुस्तकाची बाजू घ्यायला जोर यायचा. तुम्ही मान डोलावलीत की मला खोट दिसायची. आता पुस्तक नुसतं पुस्तक आहे. मी शेवटपर्यंत वाचीन, ते तर वाचतेच. पण कोणाला सांगू? बाळारामने आरशात बघितलं. बराच वेळ बघून म्हणाला, “बाई, तुमी कोनाला उतरवत नाय का?” मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, “मंग गाडी भरल की.”

मागच्या रविवारी तुमच्या घरी गेले. खरं सांगायचं तर निकाल घ्यायला गेले. तेरावा होऊन गेला होता, पाहुणे साताऱ्याला परतले होते. तुमचे यजमान, भाऊ, एकटेच होते. ते मला इतकी वर्षं फक्त दारातून दिसलेले. बाजारातल्या धान्याच्या गाळ्यावर मालाची चढउतार बघणारे, मोजकं बोलणारे. तुम्हीच सांगितलं होतंत, “आमच्यात वाचायचं खातं माझ्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे.” त्यांनी चहा टाकला. साखर शोधायला वेळ लागला. मी इकडचं तिकडचं बोलले आणि मग मला राहवेना.

“भाऊ, ती मिठागराची कादंबरी… ताईंनी वाचली का हो?”

“न्हाई,” ते म्हणाले. “तिला कुठं धरवत होतं पुस्तक? मी वाचली.”

“तुम्ही?”

“म्हंजे, वाचून दाखवली. तिनंच सांगितलं, तुम्ही वाचा म्हनून. मला कुठलं यायला? मी आपलं पेपरातलं भाव वाचतो तसं वाचायचो. ती वरडायची. सवल्पविराम आलाय, दम घ्या. मी दम घ्यायचो. मग म्हनायची, एवढा नगं.”

ते हसले, आणि हसणं तसंच तोंडावर राहिलं.

“कुठपर्यंत ऐकली त्यांनी?”

“आता ते कसं सांगू, नीलाताई? आधी डोळे उघडे ठिवून ऐकायची. मग मिटून. मी इचारायचो, थांबू का? तर हाताची बोटं हलवायची, चालू द्या म्हनून. एकदा बोटं बी हलली न्हाईत. पर मी थांबलो न्हाई. म्हटलं, आईकत आसंल.”

“काही म्हणाल्या का? पुस्तकाबद्दल?”

हा प्रश्न विचारताना माझा मलाच राग आला. माणूस बायकोचे शेवटचे दिवस सांगतोय आणि मी अभिप्राय मागतेय. पण भाऊंना तसं वाटलं नसावं. त्यांनी नीट आठवून बघितलं.

“ती बाई बसती न्हाई का दारात? तिथं लई दिस चाललं आमचं. रोज आपली बसलेलीच. मला वाटलं, ही चिडंल, तिला दम न्हाई. पर चिडली न्हाई. एवढंच म्हनाली, मी झोपते जरा. ती उठली की मला उठवा.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

ताई, हा निकाल आहे का? मी किती बाजूंनी बघितला. तुम्ही शेवटी माझ्या बाजूने आलात असं मला यातून काढता येईल, आणि कोणी परीक्षण लिहिणारा असता तर त्याने काढलंही असतं. पण तुम्ही थकल्या होतात. थकलेल्या माणसाला काहीही आवडतं हा तुमचाच कायदा, आणि तो मी माझ्या सोयीसाठी मोडणार नाही. शिवाय तुम्ही आवडलं असं म्हणालातच नाहीत. तुम्हाला अजून तेच हवं होतं, तिने उठावं. फक्त या वेळी तुम्ही तिला सोडून निघाला नाहीत. थांबलात. तेवढं मला कळतं, त्याच्या पलीकडचं नाही.

“पुस्तक घेऊन जायचंय का?” भाऊंनी विचारलं. ते उठले, आत गेले, आणि पुस्तक घेऊन आले. दिलं मात्र नाही. हातातच धरून उभे राहिले.

“अजून हाय थोडं,” ते म्हणाले.

“तुम्ही वाचताय?”

“सोडवत न्हाई. ती अजून दारातच बसलीय.” मग जरा ओशाळून, “मनात वाचायला बघितलं, पर जमंना. मोठ्यानंच वाचायची सवय लागली.”

“भाऊ, ती पुढे…”

“सांगू नका,” ते घाईने म्हणाले. “वाचतो मी. येईलच.”

ती उठते ते पान मला ठाऊक आहे. ते अजून बरंच पुढे होतं. मी निघायला हवं होतं, संध्याकाळ होत आली होती आणि घरी स्वयंपाक व्हायचा होता. मी चटईवर पाय दुमडून बसले. भाऊंनी चष्मा लावला, उजेडासाठी दाराकडे सरकले, खूण घातलेलं पान उघडलं. एकदा माझ्याकडे बघितलं. मग मधला पडदा हाताने बाजूला सारला आणि वाचायला लागले, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.